रोजचाच रस्ता

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलायला उभी राहिले खरी, पण हातातला कागद थरथरतो आहे, तो मागच्या रांगेपर्यंत दिसत असेल. मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मंडळात आजवर मी सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाचे वाण मोजून ठेवणे आणि खिचडीच्या पातेल्याशी उभे राहणे एवढीच कामे केली. पण ह्या वर्षी मंडळाने जी पायी सहल काढली, तिच्याविषयी कोणीतरी चार शब्द सांगावेत असे ठरले आणि सगळ्यांनी बोट माझ्याकडे दाखवले. कारण विचारले, तर चिटणीस बाई म्हणाल्या, "परत येताना तुम्हीच सर्वांत गप्प होता. गप्प बसणारीपाशीच काहीतरी सांगण्याजोगे असते." तेव्हा आता ऐकून घ्या, आणि चुकलेमाकले सांभाळून घ्या.

सहल कुठे, तर आपल्या पुण्यातच! दरवर्षी आपण बस ठरवून अष्टविनायकाला नाहीतर कोकणात जातो. यंदा आपल्यातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी सुचवले की, शनिवारवाड्यापासून निघून कसबा, लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई करीत केळकर संग्रहालयापर्यंत पायी जायचे. बैठकीत हशा पिकला. "मंडईची कसली सहल? तिथे तर दर दोन दिवसांनी पिशवी घेऊन जातो!" हसणाऱ्यांत मीही होते. घरी सांगितले, तर आमचे हे म्हणाले, "रोजचाच रस्ता की! येताना कोथिंबीर आण."

बाईंनी अटी मात्र दोनच घातल्या. पिशवी आणायची नाही, आणि मान वर करून चालायचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही एकवीस जणी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी जमलो. सर्वांत वडील म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेल्या आपल्या काकू, आणि सर्वांत लहान माझी आठवीतली मुलगी. तिला मी नाइलाजाने आणली होती. घरी ठेवली तर दिवसभर मोबाईल हातात घेऊन बसेल म्हणून.

शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी घातला, तो शनिवार होता. दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत, वास्तुशांत झाली. वाड्याला पाच दरवाजे आणि नऊ बुरूज. दिल्ली दरवाजावरचे लोखंडी खिळे मी लांबून शंभरदा पाहिले असतील. ते शोभेचे आहेत असेच मला वाटे. बाईंनी सांगितले की, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले आहेत. मग सगळ्या जणी माना वर करून हत्तीचे कपाळ कुठे येईल ते मोजू लागलो.

आत गेल्यावर मात्र वाडा असा नाहीच. जोती आहेत, हिरवळ आहे, कारंज्याचा हौद आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत होती, त्यात सगळे लाकूडकाम गेले. उरला तो दगडाचा कोट. इथेच ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्यावर काकू म्हणाल्या, "मारले गारद्यांनी, कट पुरुषांचा, नि म्हणीत नाव राहिले ते बाईचे." खरेखोटे पंडितांनी ठरवावे. पण त्या अंगणात उभे राहून हे ऐकताना काशीबाई, मस्तानी, गोपिकाबाई ह्या किती बायकांची सुखदुःखे ह्या जोत्यांवर नांदली असतील, असे मनात आले. एका दरवाजाला मस्तानीचे नाव आहे, हेही मला त्या दिवशी कळले.

काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुस्तकातली नव्हे, त्यांच्या डोळ्यांदेखतची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा त्या परकऱ्या पोरी होत्या. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, माणसे मिळेल त्या उंच जागी पळाली. त्यांच्या आईने देव आणि पिठाचा डबा एवढेच उचलले. "पुढे कितीतरी दिवस घरात चिखलाचा वास होता," काकू म्हणाल्या. माझ्या मुलीने तेवढ्यात मोबाईल पिशवीत टाकला, तो नंतर बराच वेळ बाहेर काढला नाही.

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर लाल महाल. शहाजीराजांनी जिजाबाईंसाठी आणि बाल शिवाजीसाठी बांधलेला मूळ महाल केव्हाच गेला. आजची इमारत महानगरपालिकेने १९८८ साली पुरी केली. शाइस्तेखानाची बोटे छाटली ती १६६३ सालची गोष्ट लाल महालातलीच. पण मला जास्त भावली ती त्याच्या आधीची गोष्ट. आदिलशाही फौजेने पुणे जाळून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला होता. अशा ओसाड जागी जिजाबाई लहान मुलाला घेऊन आल्या, आणि त्यांनी सोन्याच्या फाळाचा नांगर धरवून ही भूमी पुन्हा वसवली, असे परंपरेने सांगतात. जवळचे कसबा गणपतीचे देऊळही त्यांचेच. तोच आपला ग्रामदैवत, मानाचा पहिला गणपती. म्हणजे मैत्रिणींनो, मोडलेला संसार पुन्हा मांडावा तसे हे गाव एका बाईने पुन्हा मांडले. लग्नाची पहिली पत्रिका कसबा गणपतीला ठेवायची, हे आपण न चुकता करतो. ते देऊळ कोणी उठवले, हे मी पंचवीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

तिथून पुढे फडके हौदाचे नाव निघाले. हौद म्हणजे काय, असे मुलीने विचारले. बसथांब्याचे नाव एवढेच तिला ठाऊक! नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून भुयारी नळाने शहरात पाणी आणले, आणि ते जागोजाग हौदांत सोडले. काळा हौद, फडके हौद अशी नावे त्यातूनच राहिली. पाण्याला निघालेल्या बायकांची पहिली गाठ तिथेच पडत असणार. नळाचे पाणी घरात आले आणि बाईच्या कमरेवरचा भार उतरला, हे खरे. पण चार घटका बाहेर उभे राहून बोलायची जागाही गेली. ती आता आपल्या मंडळाने भरून काढली आहे, असे मी म्हटले तर कोणी हसू नका.

आता मी जे सांगणार आहे, त्याच्यासाठीच खरे तर मी उभी आहे.

शिवाजी रोडने आम्ही दगडूशेठ गणपतीपाशी आलो. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी चपला बाजूला सारून रस्त्यावरूनच हात जोडले. बाई म्हणाल्या, "झाला नमस्कार? आता मागे वळा." आम्ही वळलो. मागे वाडा नव्हता. जिथे होता ती जागा होती. "इथे भिडे वाडा होता," बाई म्हणाल्या. "१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, ती ह्या जागी."

मैत्रिणींनो, माझे माहेर सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. सावित्रीबाईंचे नायगाव आमच्या गावापासून लांब नाही. दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या शाळेत त्यांच्या तसबिरीला हार घालीत. सातवीत असताना तो मान मला मिळाला होता. आईने रात्री जागून माझा परकर उसवून लांब केला होता. आणि त्याच वर्षी जूनमध्ये माझी शाळा सुटली. आमच्या गावात सातवीपर्यंतच वर्ग होते. पुढची शाळा ओढ्यापलीकडे, दुसऱ्या गावात. दोघे भाऊ सायकलवर डबलसीट जात. माझ्यासाठी तिसरी जागा नव्हती. कोणी मला मारले नाही, कोणी रागावले नाही. "बास झाले आता," एवढेच वडील म्हणाले, आणि मीही मान डोलावली.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी पुण्यात आले. पंचवीस वर्षे मी ह्या रस्त्याने जाते आहे. दगडूशेठला हात जोडताना दर वेळी माझी पाठ त्या वाड्याकडे असायची. वाड्याखाली दुकाने होती. त्या बाजूला मी सेफ्टी पिना, परकराच्या नाड्या किती वेळा घेतल्या असतील! वरची पडकी कौले, वाकलेले लाकूड दिसत असे. पण पुण्यात पडके वाडे काय थोडे आहेत? सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालणारी मी, त्यांच्या शाळेच्या दारात उभी राहून सुट्टे पैसे मोजत होते, आणि मला ते ठाऊक नव्हते.

वाड्याची जागा स्मारकासाठी मिळावी म्हणून वर्षानुवर्षे कोर्टात झगडा चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल दिला, आणि डिसेंबरात तो जीर्ण वाडा पाडून राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करण्यात आली. स्मारक होईल, ते चांगलेही होईल. पण ज्या जिन्याने त्या पहिल्या मुली जीव मुठीत धरून वर गेल्या असतील, तो जिना मला आता दिसणार नाही. तो उभा होता तेव्हा मी मान वर केली नाही. मी त्या दिवशी गप्प झाले, ती इथे.

बाई पुढे सांगत होत्या. शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण-माती टाकीत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, ही हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. ती मी शाळेत पाठही केली होती. पण रस्त्यावर उभे राहून ऐकताना ती निराळी वाटते. हाच रस्ता, हीच माणसांची वर्दळ, आणि त्यातून एक सतरा वर्षांची पोर शिकवायला चालली आहे. माझी मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे ताईएवढी!" ताई म्हणजे माझी पुतणी, ती बारावीला आहे. मला उत्तर सुचले नाही.

ग्रामदेवता तांबड्या जोगेश्वरीला नमस्कार करून, नाना फडणविसांनी बांधलेल्या बेलबागेतल्या विष्णूचे दर्शन घेऊन आम्ही लक्ष्मी रोडला लागलो. तिथे बाईंनी एकीलाही साड्यांच्या दुकानाकडे पाहू दिले नाही! सरळ नेऊन उभे केले ते हुजूरपागेच्या फाटकासमोर. हुजूरपागा म्हणजे पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा. त्या जागेवर १८८४ साली मुलींचे हायस्कूल उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर, वामनराव मोडक असे मोठे लोक त्यामागे होते. अशा शाळेच्या मागणीसाठी हिराबागेत सभा भरली, तेव्हा रमाबाई रानड्यांनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. घरी आल्यावर घरातल्याच बायकांनी त्यांना किती टाकून बोलले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. मला वाटते, परक्यांचे शेण धुऊन निघते. घरच्यांचे बोल मात्र जिव्हारी बसतात. आणि ते बोल लावणाऱ्या बहुधा आपणच बायका असतो. हे मी दुसऱ्या कोणाला म्हणत नाही. आमच्या जावेने लग्नानंतर कॉलेजात नाव घातले, तेव्हा "आता स्वयंपाक कोण करणार?" असे विचारणारी मीच होते. तिची मी त्या दिवशी संध्याकाळी फोनवर क्षमा मागितली. ती म्हणाली, "वहिनी, मला तर आठवतही नाही." तिला आठवत असणार.

पुढे बाजीराव रोडवर विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावांनी तो स्वतःच्या राहण्यासाठी बांधला, १८०७ च्या सुमारास. पुढच्या बाजूचे सागवानी नक्षीकाम मान वर केल्यावर काय दिसते, ते एकदा जाऊन बघाच. सुरूच्या झाडासारखे खांब, वर केळफुलाची नक्षी. खालून जाताना आपल्याला दिसतात त्या फक्त मोटारी. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी १८२१ साली ह्या वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. ती मुलांसाठी, तीही ब्राह्मणांच्या. मी मनाशी बोटे मोजली. त्या पाठशाळेपासून भिडे वाड्यातल्या शाळेपर्यंत सत्तावीस वर्षे. आणि बाईंनी मग असे सांगितले की, १८५२ च्या नोव्हेंबरात ह्याच विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांनी जोतीरावांना शालजोडी देऊन त्यांचा सत्कार केला, मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. ज्या शहरात शेण पडले त्याच शहरात चार वर्षांनी शाल पडली. सत्काराला सावित्रीबाई कुठे बसल्या असतील, हा प्रश्न मला पडला होता; पण तो मी तेव्हा विचारला नाही.

एक गोष्ट बोलू नये अशी आहे, पण बोलते. एवढ्या सगळ्या चालण्यात आमची खरी अडचण झाली ती स्वच्छतागृहाची. दोन ठिकाणी होते, एकाला कुलूप होते, दुसऱ्यात जाववेना. काकूंनी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते, का ते तेव्हा कळले. बाजारात निघताना आपण सगळ्याच जणी असे करतो आणि त्याला सवय म्हणतो. मंडळाने ह्याबद्दल एक अर्ज लिहावा, असे मी सुचवते. सह्या गोळा करायला मी दारोदार जाईन.

तुळशीबागेत शिरताना बाईंना आमच्यावर डोळा ठेवावा लागला! तिथल्या भातुकलीच्या पितळी भांड्यांवर माझ्याही मुलीचे बालपण गेले. पण दुकानांच्या गर्दीतून आत गेले, की पेशवाईत नारो अप्पाजी खिरे तुळशीबागवाले यांनी बांधलेले रामाचे देऊळ आहे. तिथे क्षणभर बाजाराचा आवाजच ऐकू येत नाही. एकवीस जणींपैकी नऊ जणी तिथे पहिल्यांदाच आत आल्या होत्या. त्यांपैकी एक तर तुळशीबागेपासून दोन गल्ल्या सोडून राहते. देवळाच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी पाय चोळले.

मग मंडई. मधला उंच मनोरा, खाली अष्टकोनी घुमट, आणि त्याच्यापासून चहूकडे फुटलेले आठ बाहू. वांगी निवडताना हा आकार कधी ध्यानात येत नाही. ही इमारत १८८६ साली उघडली, गव्हर्नरच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले तेव्हाच्या काळात नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा मंडईच्या इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी विरोध केला. ते कोणी ऐकले नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले, तेव्हा त्यांच्या खटपटीने त्याच मंडईला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्यांनी नको म्हटले त्यांचेच नाव! नियतीची थट्टा म्हणावी, की गावाने उशिरा मागितलेली क्षमा, ते तुम्ही ठरवा. २०२४ साली तर मंडईच्या पोटातून भुयारी मेट्रो सुरू झाली. पण मला आता मंडईत गेले की भाजीपेक्षा तो हिशोब आठवतो. किती पैसा इमारतीला आणि किती शाळेला, हा हिशोब आपल्या घरांतूनही चालतोच की. फर्निचरला किती, आणि मुलीच्या क्लासला किती?

शेवटी शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय. अज्ञातवासी ह्या नावाने कविता करणारे दिनकर केळकर, त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वस्तू जमवल्या. वीस हजारांवर वस्तू. हे सारे त्यांनी १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केले. मला वाटले होते तलवारी, ढाली असतील. आहेत, त्याही आहेत. पण कपाटांतून काय मांडले आहे म्हणता? अडकित्ते! वज्री, फण्या, कुयऱ्या, करंडे, समया, लामणदिवे, शेवयांचे साचे, स्वयंपाकघरातली भांडी. मोराचा अडकित्ता, घोड्याचा अडकित्ता. पाय घासायची वज्री, तिच्यावरसुद्धा नक्षी! कोथरूडला असलेला मस्तानीचा महालही इथे आणून पुन्हा उभा केला आहे.

एका कपाटापुढे मी थांबले. आत पितळेची टांगती पणती होती. अगदी तशीच माझ्या सासूबाईंची होती. त्या गेल्यावर दुसऱ्याच वर्षी मी ती जुन्या पितळेबरोबर मोडीत घातली आणि स्टीलचा डबा घेतला. डब्याला झाकण नीट बसत नाही. सासूबाईंच्या सासूबाईंनी ती पणती पंढरीच्या वारीतून आणली होती, असे त्या सांगत असत, आणि मी पोळ्या लाटता लाटता "हं, हं" म्हणत असे. जे पुरुषमाणसाने काचेत जपून ठेवले, ते मी वजनावर विकले. मुलीने विचारले, "आई, तुझी अशी कुठली वस्तू आहे का गं?" मी म्हटले, "होती."

मैत्रिणींनो, सहलीत मी काय शिकले ते एवढेच आहे. भिडे वाडा होता, पणती होती, आणि माझी आठवी व्हायची होती. तिन्ही गोष्टी माझ्या रोजच्या रस्त्यावर होत्या. मान खाली घालून चालण्याला आपण विनय म्हणतो. पण रोज डोळ्यांपुढे असलेली वस्तू आपण पाहिली नाही, तर ती आपली राहत नाही. आणि एक दिवस ती तिथे नसते. मग दुसऱ्या कोणावर रागवायचे? ह्या गावात जिजाबाईंनी देऊळ उठवले, सावित्रीबाईंनी शाळा चालवली, रमाबाईंनी भर सभेत वाचून दाखवले. त्यांच्या पायांखालचे दगड आपण रोज तुडवतो. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ते नाव बसवर वाचताना तरी एकदा मागे वळून पाहावे.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ही पायी सहल दरवर्षी काढावी आणि प्रत्येकीने आपली मुलगी, सून किंवा नात आणावी. पुढच्या खेपेला गंज पेठेतल्या जोतीरावांच्या वाड्यापर्यंत जाऊ. तिथला हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, तो पाहू. दुसरी, घरातली जुनी वस्तू मोडीत घालण्यापूर्वी ती कोणाची, कुठून आली, ते सासूला, आजीला विचारून वहीत लिहून ठेवावे. वही मंडळाने द्यावी.

तिसरी सांगायला जीभ अडखळते आहे. सहलीहून आल्यावर रात्री मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, दहावीला बाहेरून बसता येते. सतरा नंबरचा अर्ज असतो. मी शाळेत विचारून येते." मी तिला झोपायला पाठवले. पण दुसऱ्या दिवशी ती खरोखरच विचारून आली. आमच्या ह्यांना सांगितले. ते थोडा वेळ पेपर वाचत राहिले, मग म्हणाले, "गणित मला येत नाही, ते पोरीला विचार." एवढे झाले म्हणजे आमच्या घरात होकारच समजायचा. तेव्हा मी अर्ज भरते आहे. एकटीला भीती वाटते. आपल्यात सातवी-आठवीला सुटलेल्या आणखी कितीतरी जणी आहेत, हे मला ठाऊक आहे. नावे घेत नाही. दुपारी तीन ते पाच मंडळाची खोली रिकामी असते. बाई शिकवायला तयार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी माझ्याजवळ नाव द्यावे. वही-पेन घेऊन मी तिथेच उभी आहे.

त्या दिवशी मी कोथिंबीर आणायची विसरले, तेवढे मात्र घरी अजून ऐकते आहे.